तुम्ही विचारलंत म्हणून: 'चोरी तूच केलीस का?' एवढंच का विचारत नाहीत?

पॉलिग्राफचा, म्हणजे खोटं पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. छाती-पोटावरच्या नळ्या श्वास टिपतात, बोटांवरचे इलेक्ट्रोड घामाने बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता, दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडी. यातलं काहीच खोटेपणा मोजत नाही. थेट आरोपाने निर्दोष माणसाचाही घाम वाढतो. म्हणून तुलना लागते, आणि ती प्रश्नांतूनच उभी करावी लागते.

अमेरिकन पॉलिग्राफ तज्ज्ञ जॉन रीड यांनी 1947 मध्ये मांडलेल्या पद्धतीत आरोपाच्या प्रश्नाजवळ 'पूर्वी कधी कुणाची वस्तू न विचारता घेतलीत?' असा प्रश्न ठेवतात. निर्दोष माणूस याला जास्त दचकेल, असं गृहीत धरलेलं असतं. मला हे गृहीतक कच्चं वाटतं. अब्रू पणाला लागलेल्या माणसाला जुन्या किरकोळ चुकीची धास्ती जास्त का वाटावी?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांची 1959 ची पद्धत जास्त भरवशाची आहे. गुन्ह्याचे तपशील माणसाच्या ओळखीचे आहेत का, ते ती तपासते. समजा, पैसे पिठाच्या डब्यातून गेले. मग विचारायचं, 'पैसे कुठे होते? कपाटात? गादीखाली? फोटोमागे? पिठाच्या डब्यात? पुस्तकांमागे? शिलाई मशीनच्या खणात?' प्रत्येक पर्यायानंतर वीसेक सेकंद थांबायचं, कारण त्वचेची प्रतिक्रिया उठायला आणि ओसरायला वेळ लागतो. पहिल्या पर्यायाला कोणीही दचकतं, म्हणून तो मोजत नाहीत आणि खरं उत्तर तिथे कधीच ठेवत नाहीत. उरले पाच. काहीच माहीत नसलेल्याची सर्वांत मोठी प्रतिक्रिया योगायोगाने डब्यावर येण्याची शक्यता पाचात एक. वेगवेगळ्या तपशिलांच्या पाचही प्रश्नांत तसं घडण्याची 3125 मध्ये एक.

पर्याय मात्र समान वजनाचे हवेत. यादीत 'देव्हाऱ्यात' घातलं, तर काही न केलेलाही चमकेल. म्हणून यादी आधी प्रकरणाशी संबंध नसलेल्या लोकांवर तपासून घ्यावी. विचारणाऱ्याला खरं उत्तर माहीत नसावं, नाहीतर आवाजच चुगली करतो. चोराच्याही लक्षात न राहिलेला तपशील, उदाहरणार्थ भिंतीचा रंग, निरुपयोगी.

सर्वांत मोठं नुकसान चाचणीच्या आधीच होतं. चौकशीत कुणी 'डब्यातले पैसे कुठे लपवलेस?' असं दरडावलं किंवा ते पेपरात छापून आलं, की तो प्रश्न मेला. मग निर्दोष माणसालाही डबा माहीत असतो. 2010 च्या सेल्वी निकालाने सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय चाचणीला मनाई केली. पण ज्याने मनापासून संमती दिली, त्याच्यासाठी तरी पंचनाम्याच्या दिवशीच पाच-सहा तपशील बाजूला काढून कुलपात ठेवायला हवेत.