गप बसल्याबद्दल भाकरीचा कुटका

कुत्र्याचं पिल्लू घरी कधी आणावं हे आमच्या लातूर भागात पंचांग बघून सांगता येईल असं मला आता वाटायलंय. म्हणजे बघा, गावठी कुत्र्यांचा सीझन भादव्यात, तिथून 63 दिवसांच्या आसपास धरले की दिवाळीच्या आगंमागं कडब्याच्या गंजीखाली पिल्लं निघतात, आणि मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, येईपर्यंत ती बरोबर दोनेक महिन्यांची होतात. जनावरांचे डॉक्टर पण हेच सांगतात की आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू आईपासून तोडू नका, कारण चावायचं किती आणि सोडायचं कधी हे ते भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ बंद. एवढा साधा हिशोब असतो.

तर आमचा वाघ्या येळवशीलाच आला. औशाकडं शेत आहे, सगळं घरदार, पैपाहुणे, कोपीत पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे, जेवणं होऊन माणसं झाडाखाली आडवी झाली आणि माझा मुलगा स्वेटरच्या आत काहीतरी हलणारं घेऊन फिरायला लागला. नवऱ्याचं आधीपासून लॅब्राडोर लॅब्राडोर चालू होतं, पण लातूरच्या बेचाळीस त्रेचाळीस डिग्रीत त्या केसाळ जिवाला ठेवायचं कुठं, कूलर तर मामंजींच्या खाटेसमोर असतो आणि तो तिथून हलत नाही. दिरांनी कारवानी जातीचं शिकारी कुत्रं सुचवलं, त्यावर मामंजी म्हणाले, "कारवानीला पळाया रान लागतंय, तुमच्या दीड गुंठ्यात काय भिंतीवर पळंल का?" मग हे गावठीच राहिलं. नाव सासूबाईंनी ठेवलं कारण माळेगावची यात्रा आदल्याच दिवशी सुरू झाली होती, आणि खंडोबाच्या वाऱ्यात घरी आलेल्याचं दुसरं काय नाव ठेवणार.

पहिल्या आठवड्यात सल्ले इतके आले की विचारू नका. कान कापा म्हणजे तेज होतंय. दिवसा साखळीला बांधा आणि रात्री सोडा म्हणजे राखणीला चांगलं. फरशीवर मुतलं की नाक त्यात घासा, पुन्हा करणार नाही. यातलं नाक घासायचं तर मला कधीच पटलं नाही, त्याला त्यातून एवढंच कळतं की माणूस बघत असताना मुतायचं नसतं, मग ते दिवाणामागं जाऊन मुततं आणि तुम्ही तीन दिवस वास शोधत बसता. त्यापेक्षा झोपून उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर, आणि बाहेर केलं की तिथल्या तिथं शाब्बास आणि भाकरीचा कुटका. घरात आल्यावर दिलेला कुटका त्याला घरात येण्याबद्दल मिळालेला वाटतो, एवढा एक दोन सेकंदांचा खेळ असतो सगळा. आणि फरशी पुसायला अमोनियाच्या वासाचं काही वापरू नये कारण लघवीचा वास पण तसाच, म्हणजे आपण पुसून पुसून त्याला जागा दाखवत असतो.

साखळीचं तर उलटंच आहे. दिवसभर बांधलेलं कुत्रं तेज होत नाही, घाबरट होतं, आणि जे चावतं ते बहुतेक वेळा घाबरलेलंच असतं. पिल्लाचं वय तीन आठवड्यांपासून साधारण बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत एक खिडकी उघडी असते, त्यात जे दिसेल, ऐकू येईल, अंगाला लागेल ते सगळं "असतंय असं" म्हणून आत जातं, आणि मग ती खिडकी हळूहळू लागते. अमेरिकेत बार हार्बर गावच्या एका प्रयोगशाळेत याच्यावर मोठं काम झालंय, 1961 साली छापलेला एक प्रयोग तर वाचून कसंतरीच होतं. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्लं वाढवली, माणूस दिसू द्यायचा नाही, खाणं भोकातून आत सरकवायचं, मग वेगवेगळ्या वयाला काहींना एकेक आठवडा माणसांत आणून खेळवायचं. ज्यांना पहिल्यांदा माणूस चौदाव्या आठवड्यात भेटला ती रानातल्या जनावरासारखीच राहिली.

आता हे चौदा आठवडे दिवाळीपासून मोजले की कुठं येतात, तर रथसप्तमीच्या आगंमागं. म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत जे हळदीकुंकू चालतं ते सगळं खिडकी लागायच्या आत. एवढ्या बायका, एवढ्या साड्या, काठपदराची सळसळ, बांगड्या, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाची सासू काठी टेकत आलेली. पुण्यामुंबईकडं लोक पैसे भरून पपी क्लास लावतात म्हणे, आमच्याकडं तो दर संक्रांतीला फुकट भरतो आणि वर वाण पण मिळतं. मी दारातच एका वाटीत भाकरीचे वाळलेले कुटके आणि उकडलेल्या अंड्याचे बारके तुकडे ठेवले होते (अंड्याची वाटी हळदीकुंकवाच्या ताटापासून लांब, सासूबाईंनी दोनदा येऊन अंतर तपासलं), येणाऱ्या बाईनं एक तुकडा खाली टाकायचा आणि पुढं जायचं, बस. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांना तर मुद्दाम सांगितलं की बघू पण नका त्याच्याकडं, कारण न बघणारं माणूसही जगात असतं हे त्याला कळायला पाहिजे. तिळगूळ मात्र कुणी देऊ नये म्हणून मुलगा राखणीला बसवला होता, आणि बेदाणे तर अजिबातच नाही, द्राक्षं बेदाणे कुत्र्याच्या किडनीवर जातात. कांद्याचं पण तसंच, आणि आपल्या कुठल्या कालवणात कांदा नसतो सांगा, त्यामुळं ताटातलं उरलेलं द्यायचं बंद हे ऐकून मामंजी दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

बाहेर मात्र अजून खाली सोडायचं नव्हतं. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांना, आणि तोवर रस्त्यावरच्या मातीत पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीची, भीती. मग खांद्याला पिशवी, पिशवीत वाघ्या, स्कूटी, आणि गंजगोलाईच्या बाजारात एक चक्कर. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, हातगाडे, ऑटो, हॉर्न, भाजीवाल्यांची ओरड, सगळं त्यानं पिशवीतून मुंडकं काढून बघितलं. आमच्या पिढीला अजून पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात, आता दंडात चार पाचवर भागतं तरी भीती तीच आहे, त्यामुळं पिशवीजवळ येणारा प्रत्येक जण आधी "सुई दिली का त्याला?" विचारायचा, नाव नंतर.

इथपर्यंत सगळं सोपं होतं, माणसांत राहायचं आमच्या घरात कुणालाच शिकवावं लागत नाही. अवघड गेलं ते गप बसणं. आणि त्याला नाही हो, आम्हाला.

झालं काय, वाघ्यानं चप्पल उचलली की घरात दिवाळी. मुलगा पळतो, पुतणी किंचाळते, सासूबाई "अगं धरा त्याला", दीर दार अडवतात, पाच माणसं एका चपलेमागं. आणि तोच वाघ्या अर्धा तास ओसरीच्या कोपऱ्यात पाय पसरून शांत पडलेला असला तर त्याच्याकडं बघतंय कोण? कुणीच नाही. आता पिल्लाच्या जागी बसून विचार करा, कुठला धंदा फायद्याचा? भुंकलं की "ए गप्प" म्हणून पाचही जण ओरडतात, त्याला वाटतं सगळे आपल्या सोबत भुंकूलालेत. उडी मारली की ढकलतात, म्हणजे हात लागला, म्हणजे झालंच की काम.

म्हणून मी घरात जाहीर केलं की तो गप पडलेला दिसला की जाता येता एक कुटका त्याच्या पुढ्यात ठेवायचा, बोलायचं नाही, थांबायचं नाही. हे कुणाला पटेना. मामंजी म्हणाले, "काहीच करूलालं नाही, अन् तेला बक्षीस कशाचं?" मी म्हटलं, "मामा, तेच तर करायलाय तो." नवरा पेपराआडून हसला. खरं सांगायचं तर आमच्या घरात शाब्बास म्हणायची पद्धतच नाहीये, भाजी चांगली झाली तर ताट पुसून खातात आणि मीठ जास्त झालं तर तीन पिढ्या बोलतात, सून म्हणून मला याचा अनुभव आहे आणि तेवढं एक वाक्य बोलून मी हा विषय सोडते.

पण सासूबाईंनी ते उचललं. त्यांचा दिवस ओसरीवर जातो, तांदूळ निवडणं, वाती वळणं, त्यांनी भाकरीचे कुटके वाळवून एका स्टीलच्या डब्यात भरले आणि वाती वळता वळता त्याच्यापुढं एकेक टाकायला लागल्या. पाहुणा आला की वाघ्या आता आधी दारात जातो, वास घेतो, आणि मग सासूबाईंच्या चटईच्या कडेला जाऊन लोळतो कारण दुकान तिथं आहे. सिट, बस, बैठ, बस की रे मेल्या, या सगळ्या ऑर्डरी घरात चालतात आणि शब्दाकडं तो फारसं लक्ष देत नाही, हात वर झाला की बसतो. हाताचं कुत्र्यांना लवकर कळतं म्हणतात ते खरं आहे. फक्त नाव घेऊन रागवायचं नाही एवढा नियम मी लादला, नाहीतर वाघ्या म्हटलं की तो दिवाणाखाली जायचा आणि मग बोलवायला दुसरं नाव ठेवावं लागलं असतं.

चपलेचा प्रश्न मात्र चार महिन्यांचा झाल्यावर वाढला, दुधाचे 28 दात पडून तिथं 42 यायचे असतात, हिरड्या सळसळतात, त्याचा पण काय दोष. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचं, त्यानं त्याला गार वाटतं आणि चपला वाचतात, निदान एका पायाच्या तरी. पण उचललेलं सोडवायचं कसं? तिथं मला सासूबाईंनीच नामदेव महाराज आठवून दिले. नर्सी आमच्या हिंगोलीकडचं, त्यामुळं ही गोष्ट इथं प्रत्येक घरात सांगितलेली असते, कुत्र्यानं कोरडी भाकर पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागं पळाले, कोरडी खाऊ नको म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "ते भाकर हिसकाया पळाले नव्हते, तूप द्याया पळाले." मी दोन मिनिटं त्यांच्याकडं बघतच राहिले, कारण सगळ्या ट्रेनिंगचे व्हिडिओ तासभर बोलून हेच सांगतात की हिसकू नका, तोंडातल्यापेक्षा चांगलं काहीतरी पुढं करा, तो आपणहून सोडतो. फक्त पळायचं नाही, पळालं की त्याला शिवाशिवी वाटते. तेवढी एक दुरुस्ती मी महाराजांची माफी मागून केली आणि तुपाच्या जागी अंडं धरलं. दहातल्या आठ वेळा चालतं. उरलेल्या दोनदा चप्पल नवीन असते.

उन्हाळ्यात फिरायचा टाइम बदलला. आपला तळहात रस्त्यावर पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजे पण ठेववत नाहीत, त्यामुळं पहाटे साडेपाच आणि रात्री जेवणानंतर. मे मध्ये नणंदेची लेकरं आली, लग्नाची वरात डीजे लावून गल्लीतून गेली, कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, सगळं त्यानं पचवलं. वरातीला तर तो चटईवर उताणा पडून होता आणि आम्हीच कानात बोटं घालून उभे होतो.

पण भंगारवाल्याचं जमेना. तो भोंग्यावरचा रेकॉर्डेड आवाज, "ए पत्रा, लोखंड, प्लास्टिक, रद्दीय्ये", तो ऐकला की वाघ्याचे केस मानेपासून शेपटीपर्यंत उभे. डॉक्टर म्हणाले आवाज मोबाईलमध्ये घ्या, अगदी बारीक लावून त्याला जेवायला द्या, आणि घाबरत नाही असं बघत बघत दर थोड्या दिवसांनी एकेक खूण वाढवा, गडबड करू नका. तर ते आता चालू आहे. वाघ्या बऱ्यापैकी जेवतो, कान तेवढे फिरवतो. काल मी आवाज निम्म्यावर नेला, तो वाटीतून मान वर न काढता खात राहिला, मी खूश होऊन कुटका घ्यायला वळले तर सासूबाई मागच्या दारानं रद्दीचा गठ्ठा आणि फुटकी बादली घेऊन लगबगीनं गल्लीत निघालेल्या, "थांब रे बाबा, आले" म्हणत.