गाडीच्या धंद्याकडून मुक्कामाच्या धंद्याकडे: आमची वाटचाल

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या दर्यापूर तालुक्यात सहलीचे दिवस कापूस ठरवतो. दिवाळीनंतर वेचणी होऊन माल जिनिंगवर खाली झाला, हाती पैसा आला, की आमच्या सहलींच्या फर्मकडे चौकशी सुरू होते. पुढे तूर निघाली की आणखी एक लाट येते, मग लग्नसराई, आणि मृगाचं नक्षत्र जवळ आलं की कोणी घर सोडत नाही. पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्ट्या पाहून निघतात. आमच्या शेतकऱ्याला सोमवार काय आणि बुधवार काय, सारखेच. कमी खर्चात चांगली सहल करून देता येते ती मुख्यतः याच कारणाने. जी खोली शनिवारी मागेल त्या भावाने जाते, तीच मंगळवारी मालक आपणहून कमी भावात देतो आणि वर गरम पाणीही वेळेवर सोडतो.

सुरुवात एका क्रुझरपासून झाली. आमचे हे गाडी चालवत. शेगाव, माहूर, मुक्तागिरी, चिखलदरा, म्हणेल तिथे नेत. मी घरी फोन घ्यायची. फोनवर भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत व्हायचं, आणि बाकीचा सगळा वेळ बाया दुसरंच विचारायच्या. राहायचं कुठे? आंघोळीला पाणी कसं? रात्री लहान लेकराला दूध मिळेल का? एक आजी म्हणाल्या होत्या, "बाई, मले जिना चढता येत नाही, खालची खोली पाहून ठेवजा." गाडी सगळेच देत होते. या प्रश्नांची उत्तरं देणारं कोणी नव्हतं. म्हणून मी स्वतः गाडीत बसून जायला लागले आणि वहीत लिहायला लागले. तिथून आमच्या फर्मला खरा आकार आला.

लॉज पाहायला गेले की मी काउंटरवर भाव विचारत नाही. आधी खोली उघडायला लावते. बाथरूममध्ये जाऊन गरम पाण्याचा नळ सोडते आणि बादली भरेपर्यंत पाणी गरम राहतं का ते पाहते. सोलरचं पाणी पहिल्या दोन खोल्यांना मिळतं आणि तिसऱ्या मजल्यावर थंडगार येतं, हे अनेक ठिकाणी पाहिलं आहे. पुष्कळ लॉजमध्ये दाराची कडी आतून नीट बसत नाही. बायांचा गट असेल तर मला ती गोष्ट सगळ्यात आधी लागते. गादी हाताने दाबून पाहते, चादर उचलून पाहते. पायऱ्या मोजते. संडास बसायचा आहे की कमोड, हे लिहून घेते, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाची अख्खी सहल त्यावर अवलंबून असते. मग विचारते, आमचा ड्रायव्हर कुठे झोपेल? ज्या लॉजवाल्याकडे याचं उत्तर नसतं, तिथे मी गट नेत नाही. रात्रभर गाडीत डासांशी झगडलेल्या माणसाच्या हाती सकाळी घाटात सतरा जीव द्यायचे नाहीत, हा आमचा नियम आहे.

हे सगळं झालं की भाव. तेव्हा मी एका खोलीचा दर धरून घासाघीस करत नाही. अमुक खोल्या, अमुक वार, पोचायची वेळ ही, पैसे निघताना लगेच, असं एकदम सांगते. बोललेल्या वेळेला येणारा आणि उधारी न ठेवणारा गट लॉजवाल्यालाही हवा असतो. चेक-आऊटचं मात्र आधी पक्कं करून घ्यावं लागतं. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशोब असतो, काही ठिकाणी दुपारी बाराचा. पहाटे रेल्वेने उतरलेला गट बाराच्या हिशोबात सापडला तर सात तासांसाठी एक अख्खा दिवस भरावा लागतो. अशा वेळी आम्ही फक्त एक-दोन खोल्या आंघोळीपुरत्या घेतो, सामान तिथेच ठेवतो आणि दर्शनाला निघतो.

कराचाही फरक पडतो. जुलै २०२२ च्या आधी हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर जीएसटी नव्हता, मग १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना तो ५ टक्के झाला. म्हणून भाव ठरवताना कर धरून की सोडून, हे मी विचारतेच, आणि बिल पक्कं घेते.

आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला मुक्कामाची सगळ्यात मोठी सोय गजानन महाराज संस्थानाने करून ठेवली आहे. शेगावला तर आहेच, पण पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर आणि ओंकारेश्वरला संस्थानाच्या शाखा आहेत. स्वच्छता, शिस्त आणि सेवेकऱ्यांचं बोलणं सगळीकडे तेच. परक्या गावी उतरलेली आमची माणसं तिथे पाऊल ठेवलं की निवांत होतात. फक्त गर्दीचे दिवस ओळखावे लागतात. प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी आणि साधा गुरुवारसुद्धा टाळता आला तर टाळावा. पंढरपूरला आषाढी-कार्तिकी सोडून इतर दिवशी गेलं तर पदस्पर्शही निवांत होतो. ज्यांना वारीच करायची आहे त्यांची गोष्ट वेगळी, ते भक्तनिवासाचा विचार करून निघत नाहीत.

आता आजूबाजूच्या ठिकाणांचं. यात गाडीच्या भाड्याची एक खुबी आहे आणि ती गिऱ्हाइकाला माहीत असायला हवी. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा क्रुझर बाहेर काढली की दिवसाला कमीत कमी अडीचशे-तीनशे किलोमीटरचं भाडं लागतंच, गाडी कमी फिरली तरी. दर्यापूरहून अकोटमार्गे शेगाव जाऊन-येऊन पावणेदोनशेच्या आत होतं. म्हणजे उरलेल्या किलोमीटरचे पैसे तुम्ही भरलेलेच आहेत. मग बाळापूर का सोडायचं? मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला आहे, जवळच मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. नदीकाठी तासभर बसलं तरी माणूस ताजा होतो. वर एक रुपया लागत नाही. मी प्रत्येक सहलीत रस्त्यातलं असं एक तरी ठिकाण घालतेच. नागपूर रस्त्याने वर्ध्याला जाताना मोझरीला गुरुकुंज आश्रमात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीशी थांबतो, आणि वेळ जमली तर सायंकाळची सामुदायिक प्रार्थना चुकवत नाही. ज्यांच्या गावात अजून भजन मंडळ आहे त्या बायांना तिथून उठावंसं वाटत नाही.

वर्ध्याची सहल आमची सगळ्यात साधी आणि मला सगळ्यात आवडती. सेवाग्रामला यात्री निवास आहे, खोल्या साध्या, परिसर शांत. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. बापू कुटीच्या कुडाच्या भिंती आणि सारवलेली जमीन पाहून आमच्या म्हाताऱ्या म्हणतात, "हे तं आपल्याच घरासारखं हाय." दुसऱ्या दिवशी पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. तिथे जमीन खोदताना निघालेली भरत-रामभेटीची मूर्ती अवश्य पाहावी. गीताई मंदिर करून संध्याकाळी परत.

लोणारला आम्ही वेगळ्या पद्धतीने जातो. सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे, विवर काठापासून काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरच्या वर. २०२० साली सरोवर रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. तरुण मंडळी सकाळीच खाली उतरतात. वयस्क लोकांना मी खाली नेत नाही. त्यांना काठावरून सरोवर दाखवते, धार नावाचा झरा दाखवते आणि मग गावातलं दैत्यसूदन मंदिर निवांत दाखवते. या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम इतकं बारीक आहे की एक फेरी पुरत नाही. तिथून सिंदखेडराजा घेतलं, जिजाऊंचं जन्मस्थान पाहिलं, की दोन दिवस भरगच्च होतात.

चिखलदऱ्यात श्रावणातल्या शनिवारी राहायचा हट्ट करू नका. विदर्भात थंड हवेचं ठिकाण एकच, सगळं अमरावती, अकोला, नागपूर तिथे लोटतं आणि भाव दुप्पट-तिप्पट होतात. आम्ही मुक्काम परतवाड्याला करतो, उजाडता घाट चढतो आणि गर्दी वर येईपर्यंत पंचबोल, देवी पॉइंट, भीमकुंड पाहून रबडी खाऊन गाविलगडाकडे निघालेले असतो. परतवाड्याहून मुक्तागिरीही जवळ. डोंगरावर बावन्न जैन मंदिरं आहेत आणि पावसाळ्यात बाजूला धबधबा. पण ते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात येतं. गाडीवाल्याकडे दुसऱ्या राज्याचं परमिट आहे का, हे निघायच्या आधी विचारा. नाक्यावर कळलं तर दंडाची रक्कम तुमच्याकडेच मागतात.

जेवणाबद्दल मी जास्त काटेकोर आहे. आमच्या माणसाला वरण-भात, गरम पोळी आणि एक तिखट भाजी मिळाली की बाकी कशाची तक्रार नसते. पनीरच्या तीन भाज्या असलेली थाळी त्यांच्या पोटाला मानवत नाही आणि पैसेही जास्त जातात. म्हणून आम्ही हायवेवरच्या झगमगीत धाब्यापेक्षा गावातली खाणावळ शोधतो, शक्यतो जिथे बाया स्वतः स्वयंपाक करतात. आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगायची, उपवासाची माणसं वेगळी सांगायची. गुरुवारी आमच्या गटातले निम्मे लोक महाराजांचा उपवास धरतात. त्यांच्या नावाची थाळी लावली तर अन्न वाया जातं आणि ते बिचारे केळ्यावर राहतात. काही गावांत बचत गटाच्या महिला आमच्यासाठी रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आणि वांग्याची भाजी करतात. केळीच्या पानावर तुपात बुडवलेला रोडगा, बाजूला झणझणीत रस्सा. हे जेवण कुठल्याही हॉटेलच्या निम्म्या पैशात होतं आणि ते पैसे थेट त्या बायांच्या हातात जातात. मला याचा फार आनंद आहे.

धाब्यावर ड्रायव्हरला जेवण फुकट आणि वर कमिशन, ही या व्यवसायातली जुनी रीत. त्या कमिशनचे पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्या थाळीतूनच निघतात. आमचा ड्रायव्हर गटासोबत पंगतीत बसतो आणि त्याच्या ताटाचे पैसे आम्ही देतो. एका मोठ्या ठिकाणच्या हॉटेलवाल्याने या कारणावरून आम्हाला खोल्या नाकारल्या होत्या. आम्ही दुसरीकडे गेलो.

लॉकडाऊनने आमची क्रुझर अंगणात उभी केली. हप्ते थांबले नाहीत. त्याच मार्चमध्ये, २०२० साली, रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट सवलत बंद केली. पुरुषांना ४० आणि बायांना ५० टक्के मिळायची, त्यावरच आमच्या काशी आणि जगन्नाथपुरीच्या सहली चालत. मग एसटीच्या सवलती आल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. आसपासच्या गाडीवाल्यांनी हात टेकले. अर्ध्या तिकिटात लालपरी नेत असेल तर गाडी कोण करणार?

आम्ही हिशोब उलटा मांडला. बायांना जर एसटी स्वस्तात नेते, तर त्यांनी एसटीनेच जावं. त्यांना उतरल्यावर जे लागतं ते आम्ही द्यावं. मुक्काम ठरलेला, जेवण सांगितलेलं, तिथल्या फिरण्यापुरती गाडी बोललेली. गटासोबत आमची एक बाई असते. आमचे पैसे फक्त व्यवस्थेचे. शाळांच्या सहलींनाही आम्ही एसटीच्या प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी भाड्याने मिळणारी, बस घ्यायला सांगतो, अर्ज कसा करायचा ते समजावतो आणि मुक्काम-जेवण बघतो. गाडी आजही आहे, पण ती आता एसटी जात नाही तिथेच निघते. धंदा मोडला असता तो या बदलाने उभा राहिला, आणि ज्या बाया पूर्वी पैशाअभावी मागे राहायच्या त्या आता येतात.

ताडोबाची मागणी अलीकडे फार वाढली, विशेषतः नोकरीवर लागलेली मुलं आई-वडिलांना घेऊन जातात. जिप्सीचा खर्च गाडीमागे असतो आणि तीत सहा पर्यटक बसतात. दोघांनी घेतली तर महाग, सहा जणांत वाटली तर आवाक्यात. म्हणून आम्ही दोन-तीन कुटुंबं आधीच जुळवून देतो. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, पण बफरमध्ये, म्हणजे भोवतीच्या पट्ट्यात, सफारी चालते आणि ती कोअरपेक्षा स्वस्त असते. वाघ दिसेल असं आम्ही कोणालाही सांगत नाही. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र तेच गेटवर लागतं, हे मात्र दहादा सांगतो. परतताना वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन दाखवतो. तिथल्या माणसांच्या हातच्या वस्तू लोक आवडीने घेतात.

प्रत्येक गटाला आम्ही निघण्याआधी खर्चाची फोड कागदावर देतो. गाडी किंवा तिकीट, खोली, जेवण, प्रवेश फी, ड्रायव्हर भत्ता, आमची मजुरी. मजुरी लपवायची नाही, हे मी पहिल्यापासून धरून आहे. कष्टाच्या पैशातून घरातलं एक माणूस देवदर्शनाला निघतं तेव्हा प्रत्येक रुपया कुठे गेला हे त्याला कळायला हवं. उरलेले पैसे परत देतो. लोक तेच गावात जाऊन सांगतात, आणि पुढचा गट तिथूनच येतो.

सध्या मार्कंड्याच्या सहलीची जुळवाजुळव चालू आहे. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते तिथला हा मंदिरसमूह. दगडातलं काम पाहून आमचे हे तासभर बोलले नाहीत. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, म्हणून आम्ही त्याच्या आधीचा आठवडा धरला आहे. मुक्कामाची जागा पाहून झाली, खालच्या मजल्यावर खोल्या आहेत, पाणी चांगलं आहे. जेवणाचं अजून मनासारखं जुळलेलं नाही. दोन घरी बोलणं केलं आहे, पुढच्या आठवड्यात जाऊन जेवून पाहणार आहे. ते पक्कं झालं की नावं लिहून घेऊ.