मोबाईल द्यायचात का त्याला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. लग्नात, लिफ्टमध्ये, बागेत सगळीकडे माझ्या मुलाबद्दल हाच प्रश्न, उशिरा बोलला ना, मोबाईल द्यायचात का?

हो, द्यायचे. जेवताना. घरात मी एकटी, चार घास पोटात जावेत म्हणून बडबडगीतं लावायचे. दोन वर्षांखाली स्क्रीन नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते मलाही पटतं. अमेरिकेत पॅट्रिशिया कुल या संशोधिकेने २००३ साली नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा ऐकवली होती, समोर बसून माणूस बोलला तेव्हा बाळं त्यातले ध्वनी ओळखायला शिकली, तेच व्हिडिओवर दाखवलं तर नाही शिकली. त्यामुळे मोबाईलची बाजू घ्यायला मी आलेली नाही.

पण दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द नाही म्हणून डॉक्टरांकडे नेला, तर त्यांनीही पहिलं तेच विचारलं, मी हो म्हटलं आणि विषय संपला. बंद करा, बोलेल. बंद केला, टीव्हीसुद्धा. महिने गेले, तो काही बोलेना, मग लोक म्हणायला लागले की ही चोरून देत असणार. माझी आई सुद्धा मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाली, खरं सांग, देतेस ना अजून? ते अजून जात नाही मनातून.

शेवटी पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या, मागून हाक मारली की हा वळत नाही हो. मग बेरा टेस्ट केली, म्हणजे ऐकू येतं का ते बघायची तपासणी. औषध देऊन झोपवलेला, कपाळावर आणि कानामागे वायरी, कानात टकटक आवाज, आणि मेंदूपर्यंत तो पोचला की समोर ग्राफवर लाट उठते. उठतच नव्हती. आवाज वाढवत वाढवत ७० डेसिबलला नेला तेव्हा कुठे दिसली, दोन्ही कानांना तेच. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. मोबाईल फुल आवाजात कानाला लावून का बसायचा ते मला तिथे कळलं, आम्ही सगळे त्याला व्यसन म्हणत होतो.

आता कानाला मशीन लावलंय, थेरपी चालू आहे, "आई पाणी दे" म्हणतो.

मग मोबाईलने काहीच बिघडलं नाही का? असं मी म्हणत नाही. कधी वाटतं त्या जेवणाच्या वेळी मीच त्याच्याशी तोंडासमोर बोलले असते तर ओठ बघून तरी काही शिकला असता, आणि लगेच वाटतं, ऐकूच येत नव्हतं त्याला, काय शिकणार होता. कशाने किती उशीर झाला हे वेगळं काढता येत नाही, ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञांना, विचारून झालंय माझं.