बारा सैनिकांची मर्यादा
आज सुट्टी असल्याने सकाळी एक नवा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम (पाळी न घेता, सतत चालू राहणाऱ्या वेळेत तळ आणि सैन्य सांभाळायचा युद्धाचा संगणक-खेळ) आणि दुपारी त्याच प्रकारचा १९९८चा ‘स्टारक्राफ्ट’ असे दोन्ही लागोपाठ खेळलो. नव्या गेममध्ये अख्खे सैन्य एकाच वेळी निवडता येते, दृश्ये देखणी आहेत, पण लढाईला तोंड फुटले की हाताला फारसे काम उरत नाही. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये एका वेळी १२च सैनिक निवडता येतात; त्यामुळे मागची तुकडी पुढे आणायची, की तळावर परतून खनिजे वाहणाऱ्या कामगारांना वाचवायचे, हे क्षणात ठरवावे लागते, आणि खरी रंगत या ओढाताणीतच आहे. याच प्रकारच्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेमच्या २०१९च्या आवृत्तीत शेते आपोआप पुन्हा पेरली जातात, ही सोय मात्र मला मनापासून आवडते, कारण तिने कंटाळवाणे काम कमी केले, निर्णय नव्हे.