नीसला मुक्काम ठोका, बाकीचं रेल्वे बघून घेईल

फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीच्या सीमेला खेटून असलेला किनारा म्हणजे कोत दाझ्युर, आपल्याकडे ज्याला फ्रेंच रिव्हिएरा म्हणतात तो. कान, आंतीब, नीस, विलफ्रांश, मोनॅको, मेन्तों ही सगळी गावं एकाच रेल्वेमार्गावर मण्यांसारखी ओवलेली आहेत आणि दोन टोकांमधलं अंतर साठेक किलोमीटर. त्यामुळे दर दोन दिवसांनी हॉटेल बदलणं किंवा गाडी भाड्याने घेणं हा शुद्ध वेडेपणा. उन्हाळ्यात पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. नीसमध्ये पाच-सहा रात्रींचं बुकिंग करावं आणि रोज सकाळी लोकल गाडी पकडावी. नीसहून मोनॅको पंचवीस मिनिटांच्या आत येतं, कान साधारण अर्ध्या-पाऊण तासात. मोनॅकोकडे जाताना उजवीकडची खिडकी धरा, कानकडे जाताना डावीकडची. समुद्र त्या बाजूला असतो.

मुंबईहून नीसला थेट विमान नाही, आखाती शहरातून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून जावं लागतं. नीसच्या दोन्ही टर्मिनलपासून ट्रामची लाइन २ थेट गावात आणि पुढे बंदरापर्यंत जाते. विमानतळाच्या थांब्यांना मात्र वेगळं आणि बरंच महाग तिकीट आहे. बॅग हलकी असेल तर टर्मिनल १ पासून ग्रां आरेनास थांब्यापर्यंत चालत जा, तिथून साधं तिकीट चालतं. ट्राम असो वा बस, प्रत्येक वेळी चढताना तिकीट यंत्राला लावायचं, दुसरी गाडी बदलून घेतली तरीही. तिकीट खिशात आहे पण लावलेलं नाही, ही सबब तपासनीस ऐकत नाहीत.

आता समुद्र. कोकणातल्या वाळूची सवय असलेल्यांचा नीसला पहिला हिरमोड होतो, कारण किनाऱ्यावर वाळू नाहीच, गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी चार पावलं टाकणंही जड जातं, म्हणून पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट आणि बसायला जाड चटई हवीच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भरती-ओहोटी इथे जवळपास जाणवत नाही, म्हणून पाणी निरुपद्रवी वाटतं. पण तळ काही पावलांतच खोल उतरतो. वारा असेल तर लाट अगदी काठावर फुटते आणि गोट्यांसकट माणसाला लोळवते. बाहेर येताना लाटेकडे पाठ करू नका. हिरवा झेंडा असेल तर पोहा, पिवळ्याला जपून, लाल असेल तर काठावर बसा. जांभळ्या रंगाची छोटी जेलीफिश कधीकधी किनाऱ्याशी येते, तिचा दंश चांगलाच झोंबतो. मुलं बरोबर असतील तर विलफ्रांशला जा: स्टेशनच्या पायथ्याशीच किनारा, शांत खाडी, जाडसर वाळू. मऊ वाळू हवी असेल तर कान किंवा ज्युआं-ले-पँ.

नीस गावासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. सकाळी कूर सालेयाचा बाजार गाठा. सोमवारी तिथे फुलं-भाज्या नसतात, जुन्या वस्तू मांडतात. मग लिफ्टने किल्ल्याच्या टेकडीवर. किल्ला शोधत बसू नका, चौदाव्या लुईने तो १७०६ साली पाडून टाकला. वर जायचं ते देखाव्यासाठी. मातीस आणि शागाल या चित्रकारांची दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात, आंतीबचं पिकासो संग्रहालय सोमवारी. वाराचं गणित आधी मांडा.

शाकाहारी मंडळींनी घाबरायचं कारण नाही, उलट हा प्रांत त्यांना बरा. सोक्का म्हणजे चक्क हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं: पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. मोठ्या तांब्याच्या ताटात लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. कांदा-लसूण काहीच नाही. गरमच खा, गार झाला की चामट होतो. पानिस ही त्याचीच बहीण, म्हणजे पाटवडीसारखं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेलं. फसवणारा पदार्थ म्हणजे पिसालादिएर. दिसते कांद्याची साधी पोळी, पण वर खारवलेली मासळी असते आणि बहुतेकदा मासळीचा लगदा आतही असतो, त्यामुळे वरचे तुकडे काढून उपयोग नाही. पाँ बान्या (इथलं भरलेलं सँडविच) आणि नीस सॅलडमध्येही मासे. ‘साँ व्यांद, साँ प्वासाँ’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ करा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलंत तर मासे येतीलच. जेवण दुपारी बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. बाटलीचं पाणी मागवू नका, ‘कराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं, आणि ते चांगलं असतं.

नीस आणि मोनॅकोच्या मधल्या एझ गावाच्या बाबतीत हमखास होणारी चूक: गाडीने एझ-सुर-मेरला उतरायचं आणि गाव शोधायचं. गाव वर डोंगरावर, समुद्रापासून चारशेवर मीटर उंच. स्टेशनपासून जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाची पायवाट जाते, तास-दीड तासाची दगडी चढण, सावली कमी. नीसच्या वोबां थांब्यावरून ८२ नंबरच्या बसने वर जा आणि पायवाटेने खाली उतरा. गुडघे कुरकुरतील, पण दम लागणार नाही. चपला मात्र नकोत.

मोनॅकोला अर्धा दिवस पुरे. स्टेशन डोंगराच्या पोटात आहे आणि बाहेर पडायचे मार्ग वेगवेगळ्या पातळ्यांवर निघतात. पाटी न वाचता निघालात तर भलत्याच मजल्यावर पोचाल. राजवाड्यासमोर पहारा ११.५५ ला बदलतो, साडेअकराला जागा धरा. विलफ्रांशजवळच्या कॅप फेरा या भूशिराची किनाऱ्याची पायवाट मला मोनॅकोपेक्षा सरस वाटते. टोपी आणि दीड लिटर पाणी जवळ ठेवा, समुद्र खवळला असेल तर ही वाट बंद करतात. कानहून सेंट मार्गरीत बेटावर बोटीने पंधरा मिनिटांत पोचता येतं. शेजारच्या सेंट ओनोराची बोट वेगळ्या कंपनीची, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर थेट जाता येत नाही.

मे-अखेर आणि जून किंवा सप्टेंबर हे महिने उत्तम. पाणी सप्टेंबरमध्ये जास्त कोमट असतं. मात्र कानचा चित्रपट महोत्सव आणि मोनॅकोची मोटार शर्यत यांच्या तारखा पाहून मगच बुकिंग करा, त्या आठवड्यांत खोल्यांचे भाव डोळे पांढरे करतात.

शेंगेन व्हिसासाठी ९० युरो शुल्क आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. मोनॅको वेगळा देश असला तरी त्याला वेगळा व्हिसा नाही. पण पुढे इटलीतल्या वेंतिमिलियाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणार असाल तर पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका. परतीच्या गाडीत मेन्तों-गाराव्हाँला पोलिस चढतात आणि तिथे फोनमधला फोटो चालत नाही.