भिंतीला पोट सुटलंय

पुण्यात तीन दिवस होतो, त्यातले दोन मावसभावाच्या लग्नात आणि पार्किंग शोधण्यात गेले, सोडून द्या. तिसऱ्या दिवशी विश्रामबाग वाडा बघितला, दुसऱ्या बाजीरावाचा, 1807 चा, ते सुरूच्या झाडाच्या घाटाचे सागवानी खांब भारीच. पण जीव अडकला तो पुढं मंडईकडं चालताना. एका जुन्या सरकारी दगडी इमारतीचं काम चालू होतं, नाव नको, वॉचमन आधीच खेकसला होता की फोटो काढायचा नाही.

एक मिस्त्रीकाका हातोडीनं भिंत ठोकत कान लावून ऐकत होते. टण्ण, टण्ण, ढप्प. ‘‘इथं पोट सुटलंय बघा.’’ मी थांबलो तसं सांगायलाच लागले, की भिंत बाहेरून एकच दिसते पण दगडाचे दोन पदर असतात, मधी चिपांची भर, आरपार जाणारा जोडदगड नसला की हादऱ्यात पदर फाटतात. मग आरपार भोक पाडून सळई घालायची, चुना पाजायचा, छताच्या तुळया लोखंडी पट्टीनं भिंतीला बांधायच्या. मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारला होता, त्यानं ओल आत कोंडली, तो सोलण्यातच त्यांचा पावसाळा गेला.

मी औशाकडचा. किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56, विसर्जन करून गाव नुकतं झोपलेलं, मी नऊ वर्षांचा. आमच्या दोन हात रुंद भिंती, नुसत्या मातीत रचलेल्या, कोसळल्या, पण लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभेच होते आणि आज्जी खांबाशी झोपलेली म्हणून वाचली. नंतर गावात कुणी दगडी भिंतीजवळ खाट टाकेना. तेव्हा आमचा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता, 2002 ला पुण्यासारखाच झोन 3 झाला. एवढी वर्षं मी दगडालाच शिव्या घातल्या हो, जोडदगड हा शब्दच ठाऊक नव्हता.

काकांनी विचारलं, ‘‘घर किती खणांचं?’’ नऊ, म्हटलं. पुण्यात लोक कार्पेट एरिया विचारतात. त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला, गप्पांत चारची गाडी गेली, तिकिटाचे पैसे बुडाले, लॉजवर आणखी एक रात्र काढावी लागली.

झोपताना तिथली भिंत ठोकून बघितली. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी दोनदा उलट ठोकलं.