रोज एक कथा, चहाच्या आधी

१४ मे

उन्हाळ्याचा हिशेब सोपा आहे. एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत पन्नास-पंचावन्न दुपारी हाताशी येतात. एका संग्रहात बहुधा दहा ते पंधरा कथा असतात, म्हणजे चार संग्रह पुरे. दहा पुस्तकं उशाशी रचली की वाचण्यापेक्षा चाळणंच जास्त होतं.

जेवून उठल्या उठल्या पुस्तक घेऊ नये. दुसऱ्याच पानावर डोळे मिटतात आणि तेच वाक्य तीनदा वाचलं जातं. साडेतीनची वेळ बरी, चहाच्या आधीची. बारा पानांची कथा मनात वाचायला वीसेक मिनिटं लागतात, मोठ्यानं वाचली तर अर्धा तास. शंकर पाटलांची कथा मात्र मोठ्यानंच वाचावी. त्यांचे संवाद डोळ्यांनी वाचले तर बोली अडखळते. कानावर पडले की आपसूक उलगडतात.

नेम मोडतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात. कंटाळा हे त्याचं कारण नसतं. अनुक्रमानं जाता जाता एकदम लांबलचक कथा समोर येते, ती अर्धवट राहते, दुसऱ्या दिवशी धागा सापडत नाही आणि तिसऱ्या दिवशी पुस्तकच उघडलं जात नाही. म्हणून आधी अनुक्रमणिकेतल्या पानांची वजाबाकी करून प्रत्येक कथेपुढे पेन्सिलीनं आकडा टाकावा. जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’तली ‘विदूषक’ किंवा ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ चहाच्या आधी उरकायची नाही. जी. एं.साठी रविवारची मोकळी सकाळ राखून ठेवावी.

दुसरी खोड म्हणजे ‘छान वाटली, अजून एक वाचू’. त्याच लेखकाची दुसरी कथा लगेच वाचली की पहिलीचा शेवट पुसट होतो, आठवडाभरानं दोन्हींची माणसं एकमेकांच्या घरात शिरतात. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधली शीर्षककथा वाचली की त्या दिवशी पुढे काहीच घेऊ नये. भाड्याच्या खोलीत जात लपवून राहणारा तो निवेदक संध्याकाळपर्यंत डोक्यात राहिला पाहिजे. हलकंफुलकं काही वाचून तोंडाची चव बदलणं हा त्या कथेवर अन्यायच.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, कथा, पानं आणि एक ओळ. त्या ओळीत सारांश लिहू नये. सारांश सगळ्या कथांचे सारखेच दिसू लागतात. वाचताना जिथे थांबायला झालं ती जागा लिहावी, एखादी वस्तू, एखादं उत्तर. ‘दारातल्या चपला’ एवढ्यानंही महिन्याभरानं कथा परत उभी राहते.

रद्दीवाल्याकडून आणलेले जुने दिवाळी अंक आधी अंगणात झटकावेत, शिवणीत कसर असते. उन्हात मात्र ठेवू नयेत. उन्हानं आधीच पिवळा झालेला कागद आणखी ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. नव्या पुस्तकांचं दुखणं वेगळं, ती डिंकावर चिकटवलेली असतात. खाटेवर पालथं टाकलेलं पुस्तक मेच्या उकाड्यात पाठीवर उकलतं आणि बरोबर मधली आठ-दहा पानं सुटी होतात. खूण म्हणून बसचं तिकीट चालतं.

उद्या पाहुणे. निवांत अर्धा तास मिळायचा नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) वर काढून ठेवली आहेत. तशी ती व्यक्तिचित्रं, कथा म्हणायच्या की नाही यावर वाद घालता येईल. पण आटोपशीर आहेत, आणि पाहुण्यांनाही वाचून दाखवता येतात.